शेवटचं कडवं

फुकट म्हटलं की माणूस पुढचं बघत नाही. संजयनं तेच केलं. वारलेल्या वडिलांच्या, म्हणजे ज्ञानोबाकाकांच्या गाण्याच्या व्हिडिओची जुनी सीडी टीव्हीवर चालत नव्हती. त्यानं सुट्टीत तिची फाईल कॉपी करून पुण्याला नेली, कुठल्याशा फुकट सॉफ्टवेअरनं बदलली आणि मला पाठवली. वर फोनवर हुकूम सोडला, "अंजलीताई, रविवारी काकांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीत सगळे जमतील तेव्हा, विहारात लावा." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

धारूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. फाईल उघडली तर काकांच्या तोंडावर सॉफ्टवेअर कंपनीचं नाव आडवं छापलेलं, आणि गाणं अर्ध्यात बंद. पुढचं हवं तर पैसे भरा म्हणे. असलं फुकट बघितलं की माझं डोकं फिरतं.

काकांची बायको, जाईकाकू, शेजारीच बसल्या होत्या.

"आन् शेवटचं कडवं?"

"ते आलंच नाही, काकू."

"मग कावून लावायचं हे? तेच तर पायजे."

त्यांचं बरोबर होतं. भीमगीत रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. काकांनी लिहिलं होतं, 'सांगतो ज्ञानोबा, पोरी पाटी हाती घे.' त्यांच्या गायन पार्टीत शहादेव कोरसला असायचा. काकांनी अंथरूण धरलं, पार्टी शहादेवकडे गेली, आणि कडव्यात 'सांगतो शहादेव' आलं. आयत्या बिळावर नागोबा. आता मोबाईलवर त्याचंच गाणं वाजतं, पोरंही तसंच गातात. काकूंच्या लेकीची पोरही तसंच म्हणायची. काकूंनी टोकलं तर ती म्हणाली, "आजी, तुला न्हाई म्हाईत. शहादेव मामाचं गाणं हाय ते." त्या दिवशी काकूंना घास गेला नाही.

"मूळ सीडी आहे का?" मी विचारलं. काकूंनी पिशवीतून काढून दिली. ओरखडे होते, पण चालली. मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल टाकली.

"हेबी फुकटच हाय?"

"हो, पण हे खरं फुकट. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं आणि मोकळं सोडलं. वापरा, वाटा, हवं तर बदला. फक्त लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत."

काकू म्हणाल्या, "आमचंबी तेवढंच म्हणणं हाय. गाणं कुनीबी म्हणावं की."

फाईल तयार झाली. मी थेट शेवट लावला. काका तब्येतीत गात होते. मागं मिसरूड फुटलेला शहादेव कानावर हात ठेवून, काकांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता, 'सांगतो ज्ञानोबा!' मी भडकलेच.

"टाकू का गावाच्या ग्रुपवर?"

"न्हाई. तसं केलं तर म्हणंल, बनवून आणलंय. त्याला सांगावा धाडते. पुढं बसून बगू दे त्याला."

रविवारी वंदना झाली, दोन-चार जण बोलले. शहादेव पांढरा शर्ट घालून पुढं बसला होता; त्याला वाटलं असावं, आपल्याला गायला बोलावलंय. मी व्हिडिओ लावला. सुरुवातीला तो मांडीवर ठेका धरत होता. कडवं आलं आणि त्याचा हात थांबला. पडद्यावरचा पोरगा काकांचं नाव घेऊन गात होता, आणि सगळा विहार आळीपाळीनं पडद्याकडे आणि त्याच्याकडे बघत होता. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

व्हिडिओ संपला. काकू उठल्या आणि त्यांनी माईक शहादेवच्या हातात दिला.

"म्हण. तुज्यासारखा कोरस त्यांना परत कुनी दिला न्हाई."

तो घसा खाकरत उभा राहिला. माईक खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मग सवयीनं हात कानावर गेला आणि त्यानं गायलं, 'सांगतो ज्ञानोबा, पोरी पाटी हाती घे.' आवाज फाटला होता, सूर मात्र तोच होता.

काकूंच्या मांडीवर बसलेल्या नातीनं त्याच्यामागून ओळ म्हटली, ज्ञानोबा म्हणूनच. तेव्हा जाईकाकू रडल्या. काका गेले त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.