झाकलेला नैवेद्य

शेलार मळ्याच्या अंगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. इनामगावाहून घोड नदीच्या कडेनं आत गेलं की उसाच्या मधोमध ही वस्ती लागते. एरवी तिकडं दूधवाल्याशिवाय कुणी फिरकत नाही. आज मात्र पार दौंडकडून माणसं आली होती. अंगणातले दिवे मालवले होते, मोबाईल खिशात गेले होते, आणि कुणी खोकायचं नाही असा महाराजांचा हुकूम होता.

अंगणापासून जरा अंतरावर उंच बांध, बांधावर भस्माची पांढरी रेघ, आणि रेघेपलीकडं ऊस. दिवस मावळला तसा ऊस हलला. बिबट्या बाहेर आला, सावकाश चालत बांधाशी आला आणि रेघेच्या अलीकडं एक पाऊल न टाकता थांबला. मग त्यानं मान खाली घातली. बांधाआड त्याचं डोकं दिसेनासं झालं, नुसती पाठ दिसत राहिली. थोड्या वेळानं तो वळला आणि उसात शिरला.

"माथा टेकला," कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्या अंगणानं हात जोडले.

व्याघ्रानंद महाराजांनी डोळे उघडले. "हे देवीचं वाहन हाय. वाहन रस्ता चुकलं, म्हणून तुमच्या शेळ्या गेल्या. आम्ही त्याला फक्त पार्किंग दावलं. रेघेच्या अलीकडं नो एन्ट्री. फॉरेस्टवाल्यांचा पिंजरा लोखंडाचा, त्याला गंज चढतो. आमचा पिंजरा मंत्राचा."

सगळ्यांत पुढं बसलेल्या झुंबरबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. हा चमत्कार त्यांच्या दारात घडत होता, आणि त्यात त्यांच्या हातांचा वाटा होता.

झुंबरबाईंचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी कधी चुकले नाहीत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा घेत नसत. घरात मांसमच्छी कधी शिजली नव्हती. मुलगा संपत रांजणगावला कंपनीत पाळीनं जाई. घरी त्या, सून भाग्यश्री आणि नात राजनंदिनी. उसात बिबटे वाढले तेव्हापासून तिघींनी अंधार पडला की दार लावून घ्यायचं ठरवलं होतं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती: अंगणात दिवा जळू द्या, गोठ्याला जाळी लावा, उसात वाकून काम करताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. भाग्यश्री तो पट्टा घालायची. दिसायला ते चमत्कारिक होतं खरं, पण बिबट्या मानेलाच धरतो हे तिला ठाऊक होतं.

मग महाराज आले. दिवे मालवा म्हणाले, वाहनाला उजेड सहन होत नाही. पट्टे काढा म्हणाले, लोखंड घातलं की भाव पातळ होतो. आणि नैवेद्याची टोपली बांधापलीकडं नेऊन ठेवायला त्यांना व्रतस्थ हात हवे होते. साऱ्या वस्तीनं एकच नाव घेतलं.

रोज दिवस मावळायच्या आत टोपली आणून द्यायचा महाराजांचा शिष्य नवनाथ. आत नारळ आणि फुलं आहेत असं सांगितलेलं, वर लाल फडकं, भोवती उदाचा धूर. झुंबरबाईंनी ती अनवाणी न्यायची, बांधापलीकडच्या गवतात ठेवायची, गाठ सैल करायची आणि मागं न बघता यायचं. फडकं उचललं तर मंत्राचा बंध तुटेल, असं बजावलेलं. पहाटे कुणी उठायच्या आत नवनाथ रिकामी टोपली घेऊन जाई. नारळ आणि फुलांचं एवढं ओझं कसं, असं त्यांच्या मनात एकदा आलं होतं. उदाखालून दुसराच एक वास आला होता, तोही एकदा नाही. आपल्याच मनात पाप आहे असं समजून त्यांनी त्या रात्री जास्तीची माळ ओढली होती.

पुढं भावकीतलं एक म्हातारं माणूस गेलं. सुतक लागलं. सुतकातल्या हातानं नैवेद्य कसा न्यायचा? महाराजही म्हणाले, सुतकाच्या दारात आम्ही येत नाही. टोपली बंद झाली. रेघ तेवढी बांधावर तशीच होती.

आणि त्याच सुतकात, उन्हं कलताना, राजनंदिनी पायरीवर बसून शेळीच्या पाटीला, कोवळ्या मादी पिलाला, पाला चारत असताना बिबट्या रेघ ओलांडून अंगणात आला. पोरीच्या हातातली दोरी सळकन ओढली गेली. पाट गेली. जाता जाता दुसऱ्या शेळीला पंजा बसला. पोर वाचली, पण तिच्या तळहाताची साल निघाली होती, आणि ती रडत नव्हती, नुसती हाताकडं बघत होती.

सुतक फिटल्यावर महाराज आले. त्यांची नजर फिरली ती थेट भाग्यश्रीच्या गळ्यावर. पाट गेल्यापासून तिनं पट्टा पुन्हा घातला होता. कोप कशानं झाला ते आता सगळ्यांना कळलं. पट्टा आधी घातला की नंतर, हे कुणी विचारलं नाही. झुंबरबाईंनीही नाही, त्यांना ते माहीत असून. त्यांनी चारचौघांत सुनेच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि उकिरड्यावर फेकला.

"तुझ्या भीतीपायी माझी नात जायची राहिली," त्या म्हणाल्या.

भाग्यश्रीनं मान वर केली नाही. "आत्या, भीती वाटती म्हणूनच घातला हुता," एवढंच ती बोलली.

महाराजांनी तोडगा दिला. माईंच्या, म्हणजे झुंबरबाईंच्या, हातांना सुतक शिवलं. आता पौर्णिमेला टोपली कुमारिकेनं न्यायची. राजनंदिनीनं. झुंबरबाई हो म्हणाल्या.

पौर्णिमेच्या दुपारी जखमी शेळीचे टाके बघायला गुरांचे सरकारी डॉक्टर आले. धम्मदीप त्यांचं नाव, राहायला शिरूरला. शेळी बघून झाल्यावर ते बांधापर्यंत फिरून आले. मुठीत पांढरी पिसं होती.

"मावशी, हे ब्रॉयलर कोंबडीचं पीस. तुमच्याकडं कोंबड्या हायेत का?"

"आमच्याकडं अंडंसुद्धा येत न्हाई."

त्यांनी पिसं खिशात ठेवली. बांधापलीकडं मोठ्या पावलांशेजारी लहान पावलंही उठली आहेत, म्हणजे ही पिल्लंवाली मादी आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सुतकाच्या आधी ती अंगणात आली हुती?"

"न्हाई. रेघेशी थांबायची."

"सुतकात रेघ पुसली हुती का?"

"न्हाई."

"मग सुतकात काय नव्हतं?"

झुंबरबाईंना उत्तर आलं होतं. ते जिभेवर आलं आणि त्यांनी गिळलं. "तुम्हाला आमचं देवाधर्माचं कळायचं न्हाई," असं म्हणून त्या आत गेल्या आणि नातीची वेणी घालायला बसल्या. वेणी दोनदा सुटली.

संध्याकाळी पुन्हा अंगण भरलं. डॉक्टर गेले नव्हते. गोठ्याशी उभे होते. महाराजांचा मंत्र सुरू व्हायचा होता. आज ते बोलायच्याच रंगात होते: वस्तीमागच्या गायरानात मठ झाला की तालुक्यातले सगळे बिबटे लाइनीत उभे करतो म्हणाले. लोक हसले, हातही जोडले. परकर-पोलक्यातल्या राजनंदिनीच्या हातात टोपली दिली. ओझ्यानं पोर पुढं वाकली.

डॉक्टर पुढं आले. "पोरीला पाठवू नका. आधी टोपलीत काय हाय ते बघा."

मागून वस्तीतले आप्पा गुरगुरले, "तुमचा देवावर भरवसा न्हाई, तुम्ही मधी पडू नका."

"मी देवाचं बोलतच न्हाई, आप्पा. टोपलीचं बोलतोय."

तेवढ्यात राजनंदिनीनं मान वळवली. "आजी, ह्याला घाण वास येतोय."

झुंबरबाई उठल्या. तोच वास. नातीनं तो पहिल्या झटक्याला ओळखला होता. त्यांनी टोपली तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "भाग्यश्री, अंगणातला दिवा लाव."

"माई," महाराजांचा आवाज चढला, "फडकं उचललं तर पहिला घास तुझ्या घरचा जाईल."

"लग्न होऊन आल्यापासून नैवेद्य दाखवती मी, महाराज. देवापुढं ताट मांडलं की आधी झाकण काढायचं असतं. झाकून मी कुठल्याच देवाला दावला नव्हता." त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. "हे मला आजवर कसं सुचलं न्हाई?"

त्यांनी फडकं ओढलं.

आत मेलेल्या कोंबड्या होत्या. माना लोंबत होत्या, पिसांत कापराच्या वड्या खोचल्या होत्या. जवळच्या पोल्ट्रीत मेलेला माल खड्ड्यात पुरायचं काम नवनाथकडं होतं. तो माल पुरला जातच नव्हता.

डॉक्टरांनी ट्रॅक्टरचा दिवा उसावर टाकायला लावला. बांधापलीकडं हिरवे डोळे चमकले. दोन वर, चार खाली. मंत्र कुणी म्हटला नव्हता. महाराज तर घाम पुसत उभे होते. तरी ती वेळेवर आली होती, पिल्लांना घेऊन, रोजच्या ताटाला. माणसांनी डबे वाजवले, तशी ती उसात वळली.

डॉक्टर म्हणाले, "ती रेघेला थांबत नव्हती, जेवणाला थांबत होती. मान खाली घालायची ती कोंबडी उचलायला. मधी बांध, म्हणून तुम्हाला नमस्कार दिसला. ताट बंद झालं, तशी ती ताट शोधत दारात आली."

नवनाथ कधीच पसार झाला होता. महाराजांना गावच्या पोलीस पाटलांनी, ठाण्याची गाडी येईपर्यंत, खुर्चीवर बसवून ठेवलं. लोक मात्र एकमेकांकडं न बघता पांगले. आज टोपली जिच्या हातात दिली होती, ती पोर सगळ्यांच्याच समोर उभी होती.

झुंबरबाई उकिरड्याकडं गेल्या. शेण-राडा उपसून त्यांनी पट्टा काढला, धुतला, पदरानं पुसला. आजवर ज्या हातांना लोक व्रतस्थ म्हणत, त्या हातांकडं त्यांना बघवत नव्हतं. बिबट्याला घरचा रस्ता याच हातांनी दाखवला होता.

"मान वर कर," त्या सुनेला म्हणाल्या. पट्टा बांधताना बोटाला खिळा लागला. भाग्यश्री "आत्या, रक्त आलं" म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "येऊ दे."

उसात बिबट्या राहणारच. तो शेजारी आहे, ना देव ना सैतान. त्याच्यासाठी गोठ्याला जाळी लागते, अंगणात उजेड लागतो, मेलेलं जनावर खोल पुरावं लागतं. उपासतापास जरूर करावेत, झुंबरबाईही करतात, एकही वार सोडलेला नाही. पण जो तुम्हाला बघू नका म्हणतो, त्याच्या हातून काही घेऊ नये, आणि लेकरांच्या हातात तर मुळीच देऊ नये. नाकाला वास आला तर ते पाप समजू नये. नाकही देवानंच दिलंय.