पाच अक्षरांची जागा

शाळेतून फोन आला तेव्हा प्रेमानंद गजघाटे वाडीच्या ट्रक-तळावर एका ट्रकच्या मागे उकिडवा बसून फाळक्यावर नंबर लिहीत होता. साडेसात वाजले होते. जानेवारीतली थंडी होती, रंग डब्यात घट्ट झाला होता आणि ट्रक लवकर सोडायचा म्हणून ड्रायव्हर डोक्याशी उभा होता.

"प्रेमानंदजी, मुकुंद बोलतोय, शाळेतून. मीराबाई आज लेट का हो?"

मुकुंदराव म्हणजे शाळेतले क्लार्क. प्रेमानंद हसलाच.

"लेट? मीरा? नीट पाहा जी. तिथंच असन. पाण्याच्या टाकीजवळ पाहा."

"नाही ना. घंटा आज मी दिली."

"असं कसं होईन? ती नाही होत लेट."

फोन खिशात टाकून त्याने पुढचा आकडा लिहायला घेतला. मीराबाई म्हणजे त्याची बायको. सक्करदऱ्याच्या त्या शाळेत ती सव्वीस वर्षं शिपाई होती. सात वाजून वीस मिनिटांची घंटा तिची. मुलगी प्रीती झाली तेव्हाची बाळंतपणाची रजा सोडली, तर ती घंटा दुसऱ्या कोणी दिल्याचं प्रेमानंदला आठवत नव्हतं. आजूबाजूच्या घरांतल्या बायका त्या घंटेवर गॅस बंद करायच्या.

वीस मिनिटांनी दुसरा फोन आला. नंबर अनोळखी होता. तलावाजवळच्या रस्त्यावर एक बाई कट्ट्यावर बसली ती उठलीच नाही, पानठेलेवाल्याने पाहिलं, चार जणांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेली. डब्याची पिशवी शेवटपर्यंत मांडीवर होती. प्रेमानंद नुसता "हो, हो" म्हणत राहिला. मग पलीकडचा माणूस थांबला आणि म्हणाला, "बाई गेली जी."

त्या ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा लिहायचा राहिला.

महिन्याभराने तो शाळेत गेला. मीराबाईचे कागद न्यायचे होते, दोन ठिकाणी सह्या करायच्या होत्या. त्या झाल्यावर तो मुकुंदरावांना म्हणाला, "तिची शेवटची सही पाहू द्या मले."

मुकुंदरावांनी मस्टर काढलं. जानेवारीचं पान. मीराबाईची सही सोपी होती, पहिलीतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. एक तारीख, दोन, तीन... सगळ्या चौकोनांत तेच सुटं नाव. पुढच्या एका चौकोनात सही नव्हती. लाल शाईत इंग्रजी एल होता. त्याच्यापुढे महिनाअखेरपर्यंत आडवी रेघ.

"हा लाल एल काहून?"

मुकुंदरावांनी चष्मा सारखा केला. "ते असं आहे... सव्वासातला मस्टर बंद होतं. तोवर सही नसली की लेटचा शेरा पडतो. नियमच आहे, सगळ्यांनाच."

"खोडा तो."

"मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, प्रेमानंदजी. शिवाय महिना संपला. नक्कल संस्थेत गेली."

"मंग संस्थेतला बी खोडा."

आवाज चढला तशा मुख्याध्यापिका मुग्धाबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. मस्टर उघडं पाहून त्यांना काय झालं ते कळलं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"तो शेरा मीच मारलाय, प्रेमानंदजी. रोज मीच मारते. मला काय माहीत होतं हो तेव्हा?"

"तवा म्हाईत नव्हतं बाई, मानलं. आता तं म्हाईत आहे ना?"

मुग्धाबाईंनी टेबलावरचा एक कागद त्याच्यापुढे सरकवला. घंटेशेजारच्या भिंतीवर मीराबाईंच्या नावाचा बोर्ड लावायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. मजकूर इंग्रजीच्या विक्रम सरांनी लिहून दिला होता. "आणि बोर्ड तुम्हीच लिहावा असं आम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचा हात नको त्याला."

प्रेमानंदला इंग्रजी लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. चाळीस वर्षं त्याने ट्रकांवर आणि गोदामांवर इंग्रजी लिहिलं ते कागदावरची अक्षरं पाहून. काय लिहिलं ते गिऱ्हाइकाला माहीत. पण त्या कागदावर मीराच्या नावाच्या आधी जो शब्द होता, तेवढा एक त्याला वाचताही येत होता.

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तो तसाच निघाला.

त्या शब्दाची गोष्ट घरात जुनी होती. मीरा शाळेला लागली त्याच वर्षातली. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या सेठने गोदामावर बापाच्या नावाची पाटी लिहून घेतली होती. बापाच्या नावाआधी मोठ्या अक्षरांत 'लेट' होतं. प्रेमानंदला वाटलं, हा 'श्री'पेक्षा मोठा मान असणार. पुढच्या आठवड्यात सेठच्या नव्या ट्रकच्या दारावर सेठचं नाव लिहायचं होतं. प्रेमानंदने आपल्या मनाने, सोनेरी रंगात, त्याच्याही नावाआधी 'लेट' लिहिलं. सेठ आला, वाचलं आणि कपाळावर हात मारून ओरडला, "अबे पेंटर, मेरे को जीते-जी मार डाला!" साऱ्या गोदामादेखत प्रेमानंदने ते टर्पेंटाइनने पुसलं.

मीराने दुसऱ्या दिवशी शाळेत इंग्रजीच्या बाईंना विचारलं आणि संध्याकाळी हसत हसतच घरात शिरली. "अजी, लेट म्हणजे मेलेला! आन उशिरा आला तोही लेटच. तुम्ही त्या सेठले कोणता लेट केला होता?"

तेव्हापासून तो कामावरून उशिरा आला की दारातच ऐकायला मिळायचं, "आले का, लेट प्रेमानंदराव?" सव्वीस वर्षं. शेवटच्या दिवशी पहाटे डबा हातात देतानाही ती तेच म्हणाली होती, "संध्याकाळी लेट नका होऊ."

प्रीती गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. त्या संध्याकाळी तिने सगळं ऐकून घेतलं आणि कुकरची शिटी काढता काढता म्हणाली, "सोडा ना बाबा. एका अक्षरासाठी कायले भांडून राहिले तुम्ही?"

"एक अक्षर?" प्रेमानंद म्हणाला. "मी जिंदगीभर अक्षराचंच काम केलं, बेटा. एक आकडा चुकला तं नाक्यावर ट्रक अडकते. एक अक्षर म्हणजे काय ते मले नको सांगू."

"अवो, पण आई गेली ना. आता ते एल राहिलं काय आन गेलं काय."

"सव्वीस साल तिनं एक लाल शेरा घेतला नाही. पोटात तू होती तवाही नाही. अंगात ताप घेऊन जाये, घंटा दे आन मंग बसे. आता ती बोलू नाही शकत, तं तुमी काहीबी लिहान?"

प्रीती उठली आणि कपाटातली कागदांची पिशवी घेऊन आली. दवाखान्याचा कागद तिने बाहेर काढला. त्या दिवसापासून तो कोणी उघडला नव्हता. तिने तो एकदा मनात वाचला, मग मोठ्याने.

"ब्रॉट डेड लिहिलं आहे. आणली तवाच गेलेली होती. टाइम सात वाजून पाच मिनिटं."

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मस्टर कधी बंद होते म्हणाले ते?" प्रीतीने विचारलं.

"सव्वासातले."

"बाबा," ती म्हणाली, "तुमी नका सोडू."

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद पुन्हा शाळेच्या ऑफिसात उभा होता. या वेळी विक्रम सरही होते. तरुण, शांत पोरगा. प्रेमानंदला 'लेट' खटकलं आहे एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी कागद-पेन घेतलं आणि वर्गात शिकवावं तसं, पण मनापासून, सांगायला लागले.

"काका, हे विशेषण आहे. त्याचे दोन अर्थ होतात. माणसाच्या नावाच्या आधी लावलं, की तो माणूस वारलेला आहे. नावाच्या नंतर आलं, म्हणजे 'मीराबाई लेट आहेत' असं म्हटलं, की त्यांना उशीर झालाय. आपण नावाआधी लिहितोय. त्यात आदरच आहे."

"म्हणजे जागेवरून अर्थ बदलते."

"बरोबर."

"मंग सर, एकाच टायमाले एका माणसाले दोन्ही लागू होते का?"

विक्रम सर हसले. "कसं होईल काका? वारलेल्या माणसाला उशीर कसा होईल?"

प्रेमानंदने दवाखान्याचा कागद त्यांच्या हातात दिला. "वाचा. मले वाचता येत नाही."

विक्रम सरांनी वाचलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी कागद मुग्धाबाईंकडे दिला, त्यांनी मुकुंदरावांकडे.

"सात-पाचले ती नावाआधीची लेट झालेली होती," प्रेमानंद म्हणाला. "मंग सव्वासातले नावानंतरची लेट कशी झाली, ते समजवा मले. मी अडाणी माणूस आहे. तुमी तिघं शिकलेले आहा."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. नवी शिपाई रितिका जरा जास्तच जोरात मारायची.

मुकुंदरावांना काहीतरी मार्ग काढायचा होता. माणूस वाईट नव्हता, पस्तीस वर्षं मस्टर सांभाळून मस्टरसारखाच झाला होता. "असं करू," ते म्हणाले, "लेट हा शब्दच नको. बोर्ड मराठीत करू. कै. लिहा. नाहीतर स्व. लिहा."

"आमच्यात कैलास नाही, मुकुंदराव, आन स्वर्गही नाही. माझ्या आज्यानं छप्पन साली ते दोन्ही सोडले. आमच्यात कालकथित लिहितात, सरळ पाच अक्षरं."

"मग कालकथित लिहा ना! सुंदर शब्द आहे. झालं, मिटलं."

"नाही मिटलं. तुमच्या मस्टरात ती लेट आहे. नावानंतरची. म्हणजे ती यायची आहे अजून. जे माणूस यायचं आहे त्याच्या नावाआधी मी कालकथित कसं लिहू? पहिले तुमचा लेट खोडा. मंग माझं मी लिहीन."

"अहो, पण मला अधिकारच नाही!"

"मंग ज्याले आहे त्याले सांगा. मी थांबतो. मले घाई नाही."

तो खरंच थांबला. ऑफिसातल्या बाकावर दुपारपर्यंत, हात मांडीवर ठेवून. शेवटी मुग्धाबाईंनी स्वतःच्या हाताने संस्थेला अर्ज लिहिला. माझ्या हातून चुकीचा शेरा पडला, तो रद्द करावा, असं स्पष्ट लिहिलं. मुकुंदराव म्हणाले, "मॅडम, 'चूक' शब्द नका घालू, तुमच्यावर येईल." मुग्धाबाईंनी तो शब्द तसाच ठेवला.

संस्थेचे सचिव मधुकरराव यांचं उत्तर महिन्याने आलं. अशा दुरुस्तीने वेगळा पायंडा पडेल, सबब विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येईल. पुढची सभा झाली. तीत शाळेच्या छताचा विषय लांबला. त्याच्या पुढच्या सभेला लोकच जमले नाहीत.

मे महिन्यात प्रेमानंदने घराच्या अंगणात बोर्ड लिहायला घेतला. खडूत बुडवलेली दोरी मारून ओळी आखल्या. प्रीती बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. त्याने डावीकडून बोटांनी जागा मोजली आणि बरीच आत सरकून पहिलं अक्षर लिहिलं. मीराबाई प्रेमानंद गजघाटे. खाली बारीक अक्षरांत, शिपाई, सेवा सव्वीस वर्षे. त्याचा हात आता पूर्वीसारखा स्थिर नव्हता, पण ते नाव त्याने हात टेकायच्या काठीवर मनगट न ठेवता लिहिलं.

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा बोर्ड घंटेशेजारी लागला. मुलं जमली. विक्रम सर बराच वेळ पाहत उभे होते.

"काका, नाव मधोमध नाही आलं. डावीकडे जागा राहिली."

"राहिली नाही सर. सोडली."

सरांनी त्या कोऱ्या जागेकडे पुन्हा पाहिलं. "लेटला इतकी कशाला लागते?"

"लेटची नाही ती. पाच अक्षरांची आहे."

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रेमानंद सव्वासातच्या आधी शाळेत येतो. त्याच्या पिशवीत लहान ब्रश आणि रंगाची डबी असते. मुकुंदराव त्याला पाहून स्वतःच मान हलवतात, "नाही आलं अजून." तो बरं म्हणतो, घंटा होईस्तोवर बोर्डासमोर उभा राहतो आणि वाडीला निघून जातो. डबीतल्या रंगावर साय धरते, ती तो काडीने काढून टाकतो.

मस्टरमधला लाल एल अजून खोडलेला नाही. बोर्डावरची पाच अक्षरं लिहायची राहिली आहेत.