कानवाल्यांचं नाव

कारागांडाजवळच्या आमच्या खाणीत कोळशाचा पट्टा सकाळपासून एका बाजूला सरकत होता. कड घासून जळक्या रबराचा वास सुटलेला. पट्टा चालवणारी कुल्याश ओरडली, "बोल्ट आवळ की, येर्मेकदादा!"

"गप गं! बोल्टाचा काय दोष?" पट्टा बंद करवून मी टोकाच्या रोलरला चिकटलेला ओला कोळसा खरवडू लागलो. पट्टा त्यानंच ढकलला जात होता.

रोलरच्या बैठकीवरचा थर निघाला, तशी खाली वेल्डिंगनं काढलेली अक्षरं दिसली.

"तोलेउताय," मी वाचलं. "हा कोण?"

कुल्याशच्या हातातलं फावडं थांबलं. "आमचे कानवाले."

तिचे थोरले दीर. यंत्राला काठी टेकवून काठीच्या दुसऱ्या टोकाला कान लावत नि आतला बिघाड ऐकत, म्हणून ती नवी नवरी असताना तिनंच ठेवलेलं नाव. थोरल्या दिराचं खरं नाव सुनेनं घ्यायचं नसतं आमच्यात. पुढे सगळी खाण त्यांना कानवालेच म्हणू लागली, मीसुद्धा. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

"मातीच्या वेळी बाकीच्या बायका नाव घेऊन रडल्या," ती म्हणाली. "मी नुसतीच रडले. अजून जीभ रेटत नाही. तू वाच ना पुन्हा. मोठ्यानं."