न्हाणीचा आडोसा

न्हाणीच्या दाराला तारेत ओवलेलं एक विटकं हिरवं कापड लोंबतंय ना, मित्रांनो, ते मी. कधीकाळी मी चांगलं नऊवार लुगडं होते. काठ लालभडक, अंगावर बारीक चौकडी. आता काठाचा रंग कुठला आणि अंगाचा कुठला, हे माझं मलाच ओळखू येत नाही. तरी माझी हकिकत सांगते. मोठ्यांना ती ऐकायला सवड नाही. तुम्हाला असेल.

सोलापूरकडच्या एका मागावर माझा जन्म झाला. तिथून गाठोड्यात बसून मी शिरूरच्या बाजारात आले. गेणबा नावाच्या एका मेंढपाळानं मला हातात घेतलं आणि उन्हासमोर धरलं. आरपार दिसतंय का, ते तो बघत होता. दिसलं नाही, म्हणून त्यानं मला आपल्या बायकोसाठी, सगुणाबाईसाठी घेतलं. तेव्हा ती दोघं मेंढरं राखायची. दिवाळी सरली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर आपल्या गावी, निमोण्याच्या शिवारात परतायचं. मी सगुणाबाईच्या अंगावर घाट उतरले, घाट चढले.

एका साली वाटेतच, परक्या रानात, सगुणाबाईला कळा सुरू झाल्या. जवळ ना झाड ना भिंत. बरोबरच्या बायकांनी माझी टोकं धरली आणि उघड्या रानात एक खोली उभी राहिली. गडीमाणसं लांब जाऊन पाठमोरी बसली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत मल्हार जन्मला. अंग झाकणं कुठल्याही कापडाला जमतं. पण माणसाला जेव्हा कुणीच बघू नये असं वाटतं, तेव्हा त्याच्याभोवती उभं राहायचं, हे काम मला त्या दिवशी कळलं आणि आवडलं.

पुढं मेंढरं कमी झाली. गेणबानं रस्त्याकडेला घर बांधलं, कांदा लावला. मल्हार रांजणगावच्या एका कंपनीत जाऊ लागला. मी जुनी झाले, तशी नेसण्यातून गेले. सगुणाबाईनं मला बोहारणीला दिलं नाही. घरामागं काठ्यांचा कूड करून न्हाणी केली होती, तिच्याभोवती मला बांधलं. न्हाणीला छप्पर नव्हतं. ऊन थेट आत यायचं.

मल्हारची बायको पूनम बाळंत झाली, तेव्हा माझे सगळ्यात सुखाचे दिवस आले. पाय लांब करून ती पाटावर बसायची, पायांवर बाळ. स्वराज त्याचं नाव. सगुणाबाई कढत पाणी ओतायची, पूनम त्याच्या टाळूवर तेल जिरवायची, मांड्या चोळायची, आणि तो उन्हात डोळे मिचकावत हुंकार द्यायचा. मग त्याला गुंडाळून बाजेवर ठेवायचं आणि पूनमनं न्हायचं. दूध उतरून जड झालेलं तिचं अंग, पोटावरच्या नव्या रेघा, हे सगळं ती तिथं एकटीच बघायची. कधी उगाच रडायची सुद्धा. बाहेर आली की चेहरा धुतल्यासारखा मोकळा. मी कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच सुमाराला शिवारात बिबट्या फिरू लागला. शेजारच्या धुरपदाची कालवड गेली. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. लोकांनीच मागणी केली आणि सरकारनं कॅमेरे मंजूर केले. खांब कुठं रोवायचा, यावर गावात खल चालला होता, तेव्हा गेणबा उठून म्हणाला, माझ्या अंगणाचा कोपरा घ्या, तिथून तिन्ही वाटा दिसतात. त्याची मान ताठ झाली होती. खांब उभा राहिला, तेव्हा सगुणाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पूनमनं बाळाला पायाशी टेकवलं. वर काळं गोल तोंड होतं. ते हळूहळू मान वळवायचं. दारात राखण आली, असं गेणबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मी वर बघायची. मित्रांनो, कापडाला समोरून, बाजूनं येणारी नजर अडवता येते. वरून येणारीला ते काय करणार?

एकदा बाळाला पडसं झालं म्हणून पूनमनं त्याला काही दिवस घरातच पुसून घेतलं. त्या आठवड्यात गेणबा बाजारात गेला होता. तिथं ओळखीचा एक पोलीस शिपाई भेटला. कॅमेऱ्याची चित्रं दिसतात त्या खोलीत त्याची ड्युटी असायची. त्यानं गेणबाला चहा पाजला, घरची चौकशी केली. गेणबा हरखून घरी आला आणि चपला काढता काढता सांगू लागला.

"चांगला माणूस हाय. म्हणला, आबा, नातू आजारी हाय का? सूनबाई त्याला आताशा उन्हात अंघोळीला काढंना. बघ, आपल्या पोराची काळजी सरकारला बी हाय."

पूनम बाळाला पाजत होती. तिनं पदर ओढून घेतला. मग हळू आवाजात विचारलं, "आबा, त्यास्नी न्हाणीतलं दिसतं?"

गेणबाच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. सगुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

त्या दिवसापासून पूनम चुलीशेजारी, दार लावून, अंधारात न्हाऊ लागली. जमीन ओली, भिंतीला ओल, बाळाचा खोकला हटेना. मल्हारनं ठाण्यात जाऊन विनंती केली, की तोंड जरा रस्त्याकडं वळवा. तिथं त्याला सांगितलं, वळवणं आमच्या हातात नाही, ते वरून ठरतं. आणि उलट त्यालाच विचारलं, लपवण्यासारखं काही नाही ना, मग भीती कसली? मल्हारनं घरी येऊन तेच पूनमला विचारलं.

"मी दार लावून न्हाते," पूनम म्हणाली, "ते काय चोरी करते म्हणून का?"

मल्हार मान खाली घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी गडीमाणसं कामाला गेल्यावर सगुणाबाईनं मला सोडलं. कळकाच्या लांब काठीच्या टोकाला अडकवून वर उचललं आणि त्या काळ्या तोंडावर टाकलं. मी त्याला घट्ट धरून बसले. खाली पूनमनं बाज उन्हात ओढली. बाळाला उघडं करून तेल लावलं. स्वतः केस सोडून बसली. धुरपदा आली, आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करू लागली आणि तिघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. इतकी कामाची मी जन्मात कधी ठरले नव्हते.

पुढच्या सकाळी जीप आली. तोच शिपाई उतरला. तो ओशाळलेला होता, पण आला होता.

"मावशी, सरकारी वस्तू हाय ती. काढा ते."

"माझ्या अंगणात हाय की," सगुणाबाई म्हणाली.

"अंगण तुमचंच हाय, मावशी. बघणं सरकारचं."

मग त्यानं मल्हारला बाजूला घेतलं. कंपनीत कायम व्हायचं तर पोलिसांचा चालचलणुकीचा दाखला लागतो, हे मल्हारला ठाऊक होतं. शिपायानं फक्त आठवण करून दिली, तीही प्रेमानं. गेणबा हात जोडून उभा होता. मल्हार शिडी लावून चढला. मी धरून ठेवलं होतं, म्हणून त्यानं हिसका दिला. माझा काठ तिथं फाटला. ज्याच्या जन्माला मी भिंत झाले होते, त्यानंच मला खाली ओढलं. पण मला त्याचा राग नाही. उतरल्यावर त्यानं फाटका काठ आत दुमडून माझी घडी घातली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मल्हारनं पत्रे आणून न्हाणी वरून बंद केली. आत दिवसाही अंधार असतो. मला दाराला अडकवलं. न्हाणी झाकली, पण अंगण कशानं झाकायचं? पूनम आता घरात बसून बाळाला पाजते. ओल्या केसांवर पदर घेऊनच बाहेर येते. धुरपदा रस्त्यावरूनच हाक मारते, बसत नाही. बोलणंही वर ऐकू जातं का, कुणाला माहीत नाही. कुठल्या वेळी त्या चित्रांच्या खोलीत कुणी बघत असतं की नसतं, तेही कळत नाही. म्हणून सगळे कुणीतरी बघतंय असंच वागतात. बिबट्या अजून फिरतोय. तो उसातून येतो, उसातून जातो. केबली परत चोरीला गेल्या.

स्वराज चालायला लागला. त्याला नवे बूट आणले, तेव्हा तो अंगणात धावला आणि दोन्ही पाय उचलून उचलून खांबाला दाखवू लागला. सगळे हसले. पूनम हसली नाही. तिनं एक गोष्ट हेरली आहे. स्वराज पडला, की रडण्याआधी वर खांबाकडं बघतो. आईकडं नंतर.

मित्रांनो, कुणी न्हात असेल, लेकराला पाजत असेल, एकटं बसून रडत असेल, तर तुम्ही आपली मान फिरवा. मोठे झालात आणि तुमच्या हाती असा एखादा खांब आला, तर त्याची फिरवा. हे मागणं मी खांबाकडंही केलं होतं. त्याला मान आहे, पण ती लाजेनं वळत नाही. तुमच्याकडूनही होईल की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही तर त्याच्याखालीच मोठे होताय.

माझे धागे आता बोट लावलं तरी सुटतात. माझ्यानं काही झाकलं जात नाही, हे पूनमलाही ठाऊक आहे. तरी आत गेली, की ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेते.