राखेविना पेटलेलं पाणी

आसगावच्या तलावाचं पाणी पेटलं आणि अख्खं गाव काठावर लोटलं. साल एकोणऐंशी. रॉकेलच्या रांगेत जीव मेटाकुटीला यायचा त्या दिवसांत पाणी जळतंय म्हटल्यावर घरी कोण बसणार? ज्वालानंद बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी बांबूने गाळ ढवळला, चिमूटभर भस्म सोडलं, आरती पाण्याजवळ नेली. भप्प! निळसर ज्योत पाण्यावरून पळत गेली.

"देख लो! माता कोपली आहे!" बाबा गरजले. "तुमच्या जाळ्यांनी तिचं अंग सोललं. आज सगळी जाळी अग्नीला अर्पण करा!"

काठावर जाळ्यांचा ढीग लागला होता. सगळ्यात वर मंदाबाईचं, तिने हिवाळाभर विणलेलं. मासळीची टोपली डोक्यावर वाहून तिने धाकट्या भावाला, श्यामरावांना शिकवलं होतं. आता ते नागपुरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि सुट्टीला गावी आले होते. त्यांची नजर तलावातल्या मासेमारीच्या ठेकेदाराच्या ट्रककडे गेली. त्याची जाळी ट्रकमध्येच शाबूत होती, आणि भक्तिभावाने हात जोडण्यात पहिला नंबर त्याचाच. श्यामरावांना हे काही ठीक दिसेना.

"ताई, जाळं उचल."

"श्याम, देवीले नको नडू. मले लेकरंबाळं आहेत."

प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थाने चमत्कार केला की श्यामराव आधी ती चिमूट वगळून प्रयोग करत. इथे आधी बांबू वगळून पाहावं आणि मग भस्म, असं त्यांना सुचलं.

"बाबाजी, एक डाव बांबू न हलवता भस्म टाका ना जी."

"विद्येचा अहंकार, बच्चा!"

"टाका ना जी, होऊन जाऊ द्या!" मंदाबाईचा नवरा धनीराम ओरडला.

बाबांनी मूठभर भस्म फेकलं. राख तरंगत राहिली. आरती फिरफिर फिरली, पण काही पेटलं नाही.

"नास्तिकाच्या सावलीनं शक्ती पळाली!"

"मग मीच आत येतो," म्हणत श्यामराव पाण्यात उतरले. भस्माला हात न लावता त्यांनी बांबू गाळात खुपसला, बुडबुडे आले, काडी ओढली. भप्प!

"तळाशी कमळाचे वेल सडतात, त्याचा वायू गाळात कोंडतो. गोबरगॅसच्या चुलीत जळतो तोच. याच वायूपासून पेट्रोलसारखं इंधन करता यावं म्हणून मी वर्षानुवर्षं धातूंची संयुगं बनवून पाहतोय. अजून जमलेलं नाही. राखेनं जमत असतं, तर बाबांचा पहिला चेला मीच झालो असतो."

लोक हसले. ठेकेदाराचा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मंदाबाई मात्र हसली नाही. तिने भावाच्या हातून बांबू घेतला, देवीचं नाव घेतलं, आणि स्वतः गाळ ढवळून काडी लावली. ज्योत उठली. मंदाबाई बाबांकडे वळली.

"मंग राख कायले लागत होती जी?"

चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी तुम्हीही एवढंच विचारा. मंदाबाईने विचारलं, ढिगावरचं आपलं जाळं ओढलं आणि त्याच पाण्यात फेकलं.