नोंदीप्रमाणे वाजलेली थाळी

मित्रांनो, त्या दिवशी मी वाजले नाही.

आता हे वाक्य विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. परिषदेच्या अहवालात मी वेळेवर वाजल्याची नोंद आहे, सभागृहातली सगळी माणसं तसंच सांगतात, आणि काशाच्या एका वस्तूने इतक्या शिकल्यासवरल्या लोकांना खोटं पाडणं बरं दिसत नाही. तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

मी एक जुनी थाळी आहे. जेवायची नव्हे, वाजवायची. माझा जन्म ताकाओकाच्या एका ओतशाळेत झाला. ज्या कारागिराने मला ओतलं, त्याने गार झाल्यावर मला एकदा ठोकून पाहिलं, कान चोळला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ही बोलायला लागली की दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही." ही मला मिळालेली पहिली स्तुती. मी ती स्तुतीच समजते.

पुढे ताकामात्सुच्या बंदरात, बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर माझी नेमणूक झाली. बोट सुटायच्या आधी एक खलाशी मला हातात धरून डेकभर वाजवत फिरायचा. हे काम वाटतं तितकं किरकोळ नव्हतं. आमच्याकडे निरोप घेताना एकाने वाकलं की समोरच्याने वाकायचं. समोरचा वाकला की पहिल्याला पुन्हा वाकणं आलंच. सोडायला आलेली एक आत्या आणि जाणारा एक भाचा, एवढ्या भांडवलावर दुपार सहज निघते. मी नसते तर ताकामात्सुतून एकही बोट हलली नसती. मी वाजले की सगळे सरळ उभे राहत, डोळे पुसत आणि आपापल्या वाटेला लागत. कित्येक वर्षं मी हे केलं, आणि एकदाही कुणाला चुकीच्या बाजूला ठेवलं नाही.

मग समुद्रावर पूल झाला. लोक मोटारीने जाऊ लागले. मोटारीला थाळी लागत नाही.

बोट भंगारात गेली आणि माझी बदली कोळ्यांच्या सोसायटीच्या गोदामात झाली. पद: मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचं झाकण. माझ्यावर एक दगड असे. मी तक्रार केली नाही, लोणचंही चांगलं मुरलं. पण ज्या आवाजाने बोटी हलत, त्याने मुळा दाबून बसायचं, याचं वाईट वाटायचं. अधूनमधून एक मांजर येऊन दगडावर बसे. तेवढीच सोबत.

तिथून मला बाहेर काढलं मानाबे सावाको यांनी. मानाबेबाई नगरपालिकेत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी तानिशी नावाच्या संगणकभाषेची परिषद भरवतात. ही भाषा आमच्याच गावच्या सोगो सरांनी तयार केली. तानिशी म्हणजे भातखाचरातली गोगलगाय. नाव ठेवलं तेव्हा भाषा खरोखरच फार हळू चालायची. पुढे ती चांगली पळू लागली, पण तोवर टी-शर्ट छापून झाले होते.

परिषदेला जगभरातून माणसं येतात, गोगलगाईच्या टोप्या घालतात आणि न हसता एकमेकांशी बोलतात. शेवटी पाच-पाच मिनिटांची भाषणं होतात. पाच मिनिटं झाली की थाळी वाजते, आणि बोलणारा तोंडातला शब्द तोंडातच ठेवून खाली उतरतो. ती थाळी मी. माझ्या दुसऱ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज खुद्द सोगो सरांच्या वेळी निघाला. "इतक्या वर्षांच्या अनुभवातून सांगतो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे..." एवढं सर म्हणाले, आणि मानाबेबाईंनी मला हाणलं. सर वाकून नमस्कार करून उतरले. ती गोष्ट कोणती, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. त्यावरून दोन तट पडले आहेत.

आता शिओदे इकुए यांच्याबद्दल सांगते, कारण ही हकिकत खरं तर त्यांची आहे.

शिओदेबाईंनी तानिशीत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. कुठल्या बंदरात भरती केव्हा, ओहोटी केव्हा, एवढंच तो सांगतो. फुकट आहे. बेटांवरच्या बोटी, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, समुद्रातल्या देवळाचा पुजारी, सगळे त्याच्यावर चालतात. चंद्र काही बदलत नाही, पण तानिशीची दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि दर वर्षी आधीचं काहीतरी मोडतं. ते शिओदेबाई एकट्या बसून दुरुस्त करतात. एकदा त्या तापाने पडल्या, तर भाजीची बोट चिखलात रुतून बसली. बोटीवर कोबी होते आणि तो पुजारी होता. कोबी टिकले. पुजारी अजून तिरका बघतो.

आता शिओदेबाईंचे डोळे बिघडले होते. शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर पडद्याकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. प्रोग्राम कुणाच्या तरी हाती देणं भाग होतं. त्यांनी इंटरनेटवर लिहून पाहिलं. चारशे लोकांनी अंगठा उंचावला. हात कुणीच पुढे केला नाही. राहता राहिली परिषद. तिथे माणसाला तोंडावर विचारता येतं.

पण तिथेही एक अडचण होती. शिओदेबाई दर वर्षी बोलायला उभ्या राहत, आणि आधी लोकांचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागत. मग आपल्याला बोलता येत नाही याबद्दल. मग पडद्यावरचं अक्षर बारीक आहे याबद्दल, आणि आपल्यापेक्षा चांगला वक्ता या जागी उभा राहिला असता याबद्दल. पाच मिनिटं घेतल्याची क्षमा मागण्यात साडेतीन मिनिटं जात. मुद्दा यायच्या आत मी येई. सलग तीन वर्षं असंच झालं. मारणारा हात माझा नव्हता, पण आवाज माझाच होता ना.

परिषदेच्या सकाळी मानाबेबाई आणि शिओदेबाई बंदरासमोरच्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानात बसल्या होत्या. मला निळ्या कापडात बांधून तिसऱ्या खुर्चीवर ठेवलं होतं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, "या ताईंना काय देऊ?"

"त्या थाळी आहेत," मानाबेबाई म्हणाल्या.

"बरं, मग नुसता चहा देते." आणि माझ्यापुढे चहा आला.

मानाबेबाईंनी जेवायच्या काड्या उचलल्या. "शिओ, यंदा क्षमा मागायची नाही."

"थोडीशी?"

"एक थेंब नाही."

"अगं, एवढी माणसं बसलेली असतात. त्यांचा वेळ..."

"त्यांचा वेळ ते तिकीट काढून घेऊन आलेत. तू सरळ सांग, माझे डोळे गेलेत, हा प्रोग्राम कोण घेतंय? संपलं."

"गेले नाहीत गं. बिघडलेत."

"गेलेत म्हण. जोर येतो."

शिओदेबाई वाटीत बघत राहिल्या. "आणि कुणीच हात वर केला नाही तर?"

"तर बोटी रुततील, आणि तू एका डोळ्याला पट्टी बांधून त्या दुरुस्त करत बसशील. मला माहितीये ना तू कशी आहेस ते."

"मानाबे, तू जराशी थांबशील? अगदी जराशी. शाळेपासूनची मैत्रीण आहे मी तुझी."

"सोगो सरांना नाही सोडलं मी. तुला सोडलं तर उद्या सर येतील, म्हणतील, माझी महत्त्वाची गोष्ट राहिली होती."

"दगड आहेस."

"आहे. ते तळलेलं रताळं खाणार आहेस का?"

"खाणार आहे!" शिओदेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते एका घासात संपवलं. त्यांचा असा ठाम आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांची पाळी आली. त्या मंचावर गेल्या, माईक पकडला. "मी शिओदे. मी आज क्षमा मागणार नाही." सभागृह गार पडलं. पाठोपाठ एक "त्याबद्दल क्षमा..." त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, ती त्यांनी गिळली. मंचाच्या कडेला, माझ्याशेजारी मानाबेबाईंनी हळूच श्वास सोडला.

आणि बाई बोलू लागल्या. भरती, ओहोटी, ताप, चिखल. कोबीपाशी लोक हसले. पुजाऱ्यापाशी तर फारच हसले. याची बाईंनी तालीमच केली नव्हती. आपल्यावर कुणी हसेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. रीत म्हणून त्या हसू ओसरायची वाट बघत उभ्या राहिल्या. तिथे वेळ गेला. शेवटचं पान अजून दाखवायचं होतं. घड्याळात पाच मिनिटं भरली.

मानाबेबाईंचा हात वर गेला.

मित्रांनो, काशाला इच्छा नसते असं म्हणतात. मी सगळं आयुष्य लोकांना वेळेवर निघायला लावलं. पण त्या क्षणी मी काठापर्यंत ताठ झाले आणि ठरवलं, मारू देत, मी वाजणार नाही. हे कसं जमवायचं, ते मला ठाऊक नव्हतं. निश्चय मात्र पक्का होता.

त्याची गरज पडली नाही. हात तसाच वर ठेवून मानाबेबाई मंचाच्या मध्यभागी आल्या आणि कमरेत वाकल्या.

"शिओदे-सान, इतकं रंगात आलेलं असताना मला मध्येच वाजवावं लागतंय. वाजवण्यापूर्वी मी मनापासून क्षमा मागते."

शिओदेबाई गडबडल्या. "छे छे, वेळ मी जास्त घेतला. क्षमा मी मागायला हवी." त्या वाकल्या.

"नाही, नियम मी लावते, चूक माझी." मानाबेबाई आणखी वाकल्या.

पहिल्या रांगेतून सोगो सर उठले. "पाच मिनिटांचा नियम मुळात मी सुचवला होता. तेव्हा क्षमा मीच..." आणि तेही वाकले. सर वाकल्यावर बसून कोण राहणार? पहिली रांग वाकली, मग दुसरी. बघता बघता गोगलगाईच्या सगळ्या टोप्या जमिनीकडे झाल्या. कुणी क्षमा मागत असताना थाळी वाजवणं हा असा उद्धटपणा आहे, की आमच्याकडे त्याला अजून शब्दही तयार झालेला नाही.

"शिओ, बटण दाब," मानाबेबाई वाकलेल्याच अवस्थेत पुटपुटल्या.

लोकांनी माना वर केल्या, तेव्हा पडद्यावर एवढंच होतं: 'माझे डोळे आता साथ देत नाहीत. हे काम कोणी सांभाळेल का?'

शिओदेबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मग मागून एक दाढीवाला उठला. "मी नागानोचा आहे. आमच्याकडे नुसते डोंगर. समुद्र नाही. चालेल का?"

"चालेल," शिओदेबाई म्हणाल्या. "समुद्र आमच्याकडे आहे."

मग आणखी हात वर झाले. अंगठे नव्हेत, अख्खे हात.

नंतर एकाने दबकत विचारलं, "पण थाळी वाजली का हो?"

"वाजली की. तुम्ही वाकलेले होतात," मानाबेबाई म्हणाल्या आणि अहवालात तसं लिहून टाकलं.

आता मी मानाबेबाईंच्या टेबलामागे भिंतीवर असते. शस्त्रक्रिया नीट झाली. नागानोचा गडी डोंगरात बसून आमची ओहोटी सांभाळतो, आणि बरी सांभाळतो. पण शिओदेबाईंना चैन नाही. पडदा बघायचा नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून त्या धक्क्यावर बसतात आणि पाण्याच्या आवाजावरून प्रोग्राम बरोबर आहे का ते ताडतात. रोज त्यांचा फोन येतो आणि मानाबेबाई ओरडतात, "शिओ, घरी जा!"

मित्रांनो, तुमच्या हातातली जी वस्तू कधीच बिघडत नाही, तिच्यामागे कुणीतरी जागं बसलेलं असतं. ती बिघडायच्या आधी त्याची विचारपूस करा. अंगठ्यावर भागवू नका. एवढं तुम्ही बघा. बाकीच्यासाठी मी रीतसर अर्ज केला आहे, तो असा:

प्रति, मा. चंद्र महोदय.
विषय: भरती-ओहोटी तात्पुरती स्थगित करण्याबाबत.
महोदय, उपरोक्त विषयी नम्रपणे कळवण्यात येते की श्रीमती शिओदे इकुए या वैद्यकीय कारणास्तव रजेवर असून त्यांना रजा घेता येत नाही. सबब, त्यांची पट्टी सुटेपर्यंत ताकामात्सु व लगतच्या बेटांवरील पाणी आहे त्या ठिकाणी उभे ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.
आपली विश्वासू, थाळी.
प्रत माहितीसाठी: समुद्र.