दर मंगळवारची पानं

बरणीच्या झाकणाला सोळा भोकं, तापवलेल्या सुईने पाडलेली.

खोलीबाहेर पाटी: आवाज करू नये. गोगलगायींना कान नसतात.

वकिलाच्या पेनाचं टोपण सोनेरी होतं.

उत्तरेच्या उतारावर एकशे चाळीस झाडं.

"घरात एक गोगलगाय असताना कामावर आणखी दोनशे कशाला?" ताई रोज म्हणायची आणि धाकटीच्या हातात डबा द्यायची.

त्या दोनशे बारा गोगलगायी जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. टेकडीच्या तिन्ही बाजू खाणीने खाल्ल्या होत्या. चौथ्या, उत्तरेच्या उतारावरच्या झाडांवरून शेवटच्या एकोणीस गोळा करून संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आणल्या, आणि धाकटीने सहा वर्षं एकेक पिल्लू जपून त्यांच्या दोनशे बारा केल्या. त्या परत झाडांवर सोडायच्या, एवढंच तिला हवं होतं. खाण कंपनीला तोच उतार हवा होता. सुनावणी त्यासाठी होती.

कंपनीच्या वकिलाने तिची नोंदींची वही उघडली. तापमान बावीस. मृत्यू शून्य. पिल्लं तीन. प्रकृती उत्तम. अशी पानंच्या पानं त्याने वाचून दाखवली, अक्षराचं कौतुकही केलं. बाईंनी ही प्रजाती वाचवली आहे, तो म्हणाला, तेव्हा उतार राखण्याचं कारणच उरत नाही. शेजारी बसलेले सर, तिचे साहेब, कौतुकाच्या भागाला मान डोलावत राहिले.

"प्रकृती उत्तम म्हणजे उत्तमच ना, बाई?"

"उत्तमच. पण त्या खातात काय, ते विचारा."

सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं. तिने सांगितलं: त्या झाडांच्या पानांवरची बुरशी. दर मंगळवारी पोतंभर पानं ती त्याच उतारावरून तोडून आणते. दुसरी पानं ठेवून पाहिली, चार वेळा, चार जातींची. तोंड लावत नाहीत.

वकिलाने वही चाळली. पुढून, मग मागून. हे कुठे लिहिलंय?

कुठेच नव्हतं. सहा वर्षांचे मंगळवार, आणि एकही नोंद नाही. पिल्लाच्या शंखाची लांबी तिने मिलिमीटरमध्ये लिहिली होती. पण भात शिजवायला पाणी घेतलं, हे कोण लिहून ठेवतं?

तिने सरांकडे पाहिलं. पावसात कित्येकदा त्यांनीच गाडी चालवली होती, पोतं मागच्या सीटवर ठेवून. सीट ओली होते म्हणून कुरकुरलेही होते. सर म्हणाले की आहार ही व्यवस्थापनाची बाब आहे, त्यावर संस्थेचं अधिकृत मत नाही. हे ते टेबलाच्या कडेकडे बघत सांगत होते.

नोंदीत नसलेलं विचारात घेता येत नाही, अध्यक्षांनी समजावलं. अगदी प्रेमाने, लहान मुलीला समजवावं तसं.

धाकटीने उठून वकिलापुढची वही ओढली आणि उभ्यानेच लिहायला लागली. मंगळवार, पानं उतारावरून. त्याच्या आधीचा मंगळवार, पानं उतारावरून. त्याच्याही आधीचा. पेन कागदात रुतत होतं. कोणीतरी हसलं. कारकुनाने वही पुराव्यात जमा असल्याचं सांगत ती पेनाखालून खेचली. पानभर तिरकी रेघ उमटली.

"मग गोगलगायींनाही जमा करून घ्या," ती म्हणाली. "आणि खायला तुम्हीच घाला."

निकालात एक ओळ होती: प्रजाती सुरक्षित असल्याने हरकत निकाली.

पुढच्या मंगळवारी ती पोतं घेऊन गेली. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा. आज आत सोडता येणार नाही, सुरुंग आहेत, तो म्हणाला, आणि झाडं तर शनिवारीच पाडली, बाई, तुम्हाला कोणी कळवलं नाही? ओंडके गेले होते. पाला फाटकाबाहेरच पेटवला होता. राखेत हात घालून तिने शोधलं. मुठीएवढी पानं मिळाली, करपलेली.

ती पानं तिने बरण्यांत ठेवली नाहीत. सरांच्या टेबलावर, निकालाच्या प्रतीवर ओतली. सर मीटिंगमध्ये होते.

घरी ताईने रिकामं पोतं पाहिलं आणि थट्टा केली नाही.

खोलीतला साठा अकरा दिवस पुरला. धाकटीने नव्या वहीत रोज एकच गोष्ट लिहिली, आज काय खायला घातलं ते. बाराव्या दिवसापासून तिथे 'काही नाही' आहे, त्याच सुंदर अक्षरात, आणि शेजारी आकडा. दोनशे चार. एकशे सत्तर. एक्याण्णव.

पहिल्या एकोणीस गोगलगायी टेकडीवरून खाली आणायला गाडी खाण कंपनीने दिली होती.